चोर म्हणालात, ते परत घ्या

९ जानेवारी, सोमवार

ही वही थोरलीची, भूगोलाची. निम्मी कोरी आहे आणि आता शाळेत लागणार नाही, म्हणून मी घेतली. हे म्हणाले, "अगं, ओरडू नकोस, लिही. शेजारच्यांच्या भिंतीला तडे जातील." ह्यांचं काय जातंय? दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टा दुरुस्त करतात. लिफ्ट उलटून बोलत नाही.

तर लिहिते. चौथीनंतर सामानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर असंच येणार.

झालं ते असं. शाळेनं थोरलीला गृहपाठ दिला होता. कॉम्प्युटरवर कसलाही एक तक्ता करायचा आणि त्या स्क्रीनचा फोटो पाठवायचा. तिनं बाबांकडून माहिती घेऊन आमच्या इमारतीची लिफ्ट कधी कधी बंद पडली त्याचा तक्ता केला. चार संध्याकाळी खपली होती त्यावर. कॉम्प्युटरच्या बाईंनी तो फोटो आज वर्गात मोठ्या पडद्यावर लावला. खाली कोपऱ्यात अक्षरं होती, "ही प्रत अस्सल नाही." आमचा कॉम्प्युटर जुना, दुकानातून घेतलेला, आणि ती ओळ आल्या दिवसापासून तिथे आहे. मला वाटायचं कंपनीचं नाव असेल.

बाई म्हणाल्या, "बघा मुलांनो, ह्याला म्हणतात चोरी. चोरीच्या मालावर केलेल्या कामाला माझ्याकडे शून्य." मधल्या सुट्टीपर्यंत अख्खा वर्ग माझ्या बारा वर्षांच्या पोरीला चोर म्हणत होता.

मी हातातलं काम टाकून गेले. नवं कापड चढवायला आलेली एका गिऱ्हाइकाची आरामखुर्ची अर्धी सोलून ठेवलेली, तशीच. बाईंना विचारलं, "तक्ता बघितलात?"

"त्याची गरज नव्हती."

"न बघता शून्य?"

मग मोठ्या बाई आल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरचा प्रोग्राम अस्सल नाही हे तर खरं आहे ना?"

म्हटलं, "असेल. पोरीनं चोरलाय का? चोर म्हणालात, ते वर्गासमोर परत घ्या."

"ते शक्य नाही. शिस्तीचा प्रश्न आहे."

"मग माझ्या दोघी उद्यापासून येणार नाहीत."

"आणि शिकवणार कोण?"

"मी."

मोठ्या बाईंनी माझ्या बोटांकडे बघितलं. खिळे उपटून उपटून नखं गेलेली, त्यात डिंक. म्हणाल्या, "तुमचं शिक्षण?"

"चौथी."

गालातल्या गालात हसल्या. हसू दे. शब्द परत घेईपर्यंत पोरगी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही.

धाकटी घरी येईपर्यंत रस्ताभर नाचत होती. आठ वर्षांची आहे, तिला काय. थोरली एक अक्षर बोलली नाही. माझ्या बाजूची आहे ती, बोलायची गरज नाही.

१० जानेवारी, मंगळवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "ताई, सगळ्यांच्याच मशीनवर असलंच असतं."

"मला सांगितलंत का?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी सोफ्यात कुजका काथ्या भरला तर गिऱ्हाईक विचारेपर्यंत गप्प बसत नाही."

तर म्हणतो, "बरं, ती ओळ दिसणार नाही असं करून देतो. दोन मिनिटांचं काम."

म्हणजे चोरी तीच, फक्त वरून कव्हर! त्याला असं काही सुनावलं की शेजारचा चपलावाला बाहेर आला. थोरली बरोबर होती. माझा पदर ओढत म्हणाली, "आई, जाऊ दे ना." तिचा स्वभावच भिडस्त. तिच्या वाटणीचं मलाच भांडावं लागतं.

१६ जानेवारी, सोमवार

शिक्षण खात्यात तीन खेपा झाल्या. शेवटी एक साहेब भेटले. प्रत्येक वाक्याआधी खाकरतात, जणू प्रत्येक वाक्य भाषण आहे. घरी शिकवायला परवानगी असते म्हणाले, पण आठ आठवड्यांनी ते स्वतः घरी येऊन तपासणार. रोज काय शिकवलं त्याची तारीखवार नोंद पाहिजे. नोंद नाही तर मुली दुसऱ्या दिवशी शाळेत.

म्हणजे त्याच वर्गात, चोर म्हणूनच. तसं मी होऊ देणार नाही.

नोंद ठेवायचं काम थोरलीनं घेतलं. आपणहून. कॉम्प्युटरवर ठेवते म्हणाली. आता रोज दुपारी तासभर टकटक चालते.

२० जानेवारी, शुक्रवार

शिकवणं म्हणजे वाटलं तेवढं अवघड नाही. धाकटीला अपूर्णांक शाळेत महिनाभर डोक्यात शिरत नव्हते. मी तिच्यापुढे कापडाचं ठाण टाकलं. म्हटलं, एका खुर्चीला पाऊण मीटर लागतं, सहा खुर्च्या आहेत, सांग. बोटं मोजली, दोनदा चुकली, मग म्हणाली साडेचार. मी कात्रीच हातात दिली. म्हटलं, चुकलीस तर गिऱ्हाइकाला तू तोंड दे. बरोबर कापलं.

पुस्तकातलं छेद आणि अंश मात्र थोरली शिकवते. मी शेजारी बसते, नीट शिकवते का ते बघायला. काल मी तिला म्हटलं, "हे छेदाचं परत सांग, धाकटीला कळलं नाही." धाकटी म्हणते, "मला कळलंय." फार आगाऊ झालीय.

थोरली साडेचारच्या सुमाराला समोरच्या खोलीत खिडकीशी जाऊन उभी राहते. हवा खाते म्हणे. खिडकी बंद असते. त्या वेळेला रस्त्यावर शाळेच्या पोरांचा नुसता गोंगाट असतो, उघडणार तरी कशी?

२८ जानेवारी, शनिवार

वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम आलंय. बारा खुर्च्या, सगळ्यांचे बैठकीखालचे पट्टे सैल. दोघींनाही घेऊन जाते. धाकटी जुने खिळे डब्यात मोजून टाकते, थोरली पुस्तकं चाळते.

तिथल्या कॉम्प्युटरचं तोंड वेगळंच दिसलं. कोपऱ्यात ती ओळ नाही. ग्रंथपाल बाईंना विचारलं, "हे कुठून विकत घेतलंत?"

"विकत नाही घेतलं, ताई. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कुणीही वापरा, कुणालाही द्या."

"आणि मग मागून चोर म्हणायला कोण येतं?"

"कोणी नाही. आणि आत काय आहे ते उघडून बघायची, बदलायचीसुद्धा मुभा असते."

मी हातातली पक्कड खाली ठेवली. म्हटलं, "हे मला समजलं." आयुष्यभर हेच करत आलेय. कुठलीही खुर्ची उलटी केली की तळाचं कापड काढून आत बघता येतं, कोणी कसं बसवलंय, कुठे आळस केलाय. जे उघडता येत नाही ते दुरुस्त कसं करणार? आणि शाळेनं तर पोरीचा तक्तासुद्धा उघडून बघितला नाही.

बाईंनी एका पेन ड्राइव्हवर सगळं भरून दिलं. वर बजावलं, "घाई करू नका. प्रत्येक पानावर काय विचारतंय ते वाचा. आधी तुमच्या फाइली दुसरीकडे काढून ठेवा." हो हो म्हटलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

११ फेब्रुवारी, शनिवार

झालं! मी केलं. मी, चौथी पास.

थोरली धाकटीला घेऊन खाली गेली होती. संध्याकाळी एकत्र बसून करायचं ठरलं होतं. पण पेन ड्राइव्ह समोर दिसत होता आणि मला काही वाट बघवत नाही. लावला. विचारलं त्याला हो हो म्हणत गेले. मध्ये एका पानावर प्रश्न आला, जुनं शेजारी राहू द्यायचं की सगळं पुसून नवं घालायचं. आता ह्यात विचारण्यासारखं काय आहे? जुनं कापड उतरवल्याशिवाय नवं चढवलं तर गाठी येतात, दुमड पडते, वर्षात फाटतं. पहिल्या दिवशी शिकलेली गोष्ट. सगळं पुस म्हटलं.

पाऊण तास लागला. निळं स्वच्छ पान आलं. कोपऱ्यात काही नाही. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आता या म्हणावं चोर म्हणायला.

१२ फेब्रुवारी, रविवार

नोंद गेली. चार आठवड्यांची सगळी. त्या मशीनवर होतं ते सगळं गेलं.

थोरली रडली असती तर मला समजलं असतं. ती खुर्चीत बसून राहिली आणि म्हणाली, "आई, पुसायच्या आधी तू बघितलंस तरी का, काय होतं त्यात?"

म्हटलं, "नोंद होती, माहीत आहे मला. परत लिहू."

"नोंद नाही. बाकीचं."

"बाकीचं काय?"

"आता काय सांगू? तू पण न बघताच."

जीभ फार चालायला लागलीय. आईला बाईंच्या पंगतीत बसवते! मी एवढं कोणासाठी करतेय? आजवर एकदा तरी विचारलंय का कोणी, आई, तुझी कामं पडून आहेत का म्हणून?

जेवली नाही. ताट झाकून ठेवलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "ताई तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला पत्रं लिहायची. रोज."

"आणि पाठवायची?"

"नाही. नुसती लिहायची."

पाठवायची नाहीत तर लिहायची कशाला? वेडी आहे. रोज लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही, ह्यात काय मिळतं माणसाला?

थोरली अजून बोलत नाही. मीठ दे, एवढंच.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

मला माफी वगैरे मागता येत नाही. जन्मात मागितली नाही.

दुपारी कॉम्प्युटरपुढे बसले. नव्यात आपली अक्षरं कशी उमटवायची ते ग्रंथपाल बाईंकडून कागदावर लिहून आणलं होतं. एकेक बोट शोधत टायपलं. अर्धा तास गेला एका ओळीला. "मी न बघता पुसलं ते चूक झालं." जोडाक्षर नाही एक, तरी घाम फुटला. "पुसलं"चा पु मोठा पडला होता. तशीच उघडी ठेवून आत खुर्चीचे पट्टे ताणायला गेले.

थोड्या वेळानं मागून टकटक ऐकू आली, दोनदाच. मग थोरली दारात येऊन म्हणाली, "आई, तो पु लहान." आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरून बसली. बराच वेळ धरलं. पट्टा ताणायला दोन माणसं लागतात, एकटीनं नीट होत नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

नोंदीचं काय करायचं, हा प्रश्न. हे म्हणाले, "आठवेल तसं लिहून टाका. कोण बघतंय?"

थोरली म्हणाली, "नको, बाबा. ते खोटं होईल."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यावर गेलीय."

मग कोणावर जाणार? चार आठवडे कोरे ठेवायचे ठरलं. परवानगी मिळाली तर खऱ्यावर मिळेल. पण साहेबांनी कोरं बघून नाही म्हटलं, तर मीच माझ्या हातानं पोरीला त्या वर्गात ढकललं असं होईल.

२ मार्च, गुरुवार

थोरलीनं लिफ्टचा तक्ता पहिल्यापासून परत केलाय, नव्या मशीनवर. बाबांच्या दुरुस्तीच्या वहीतून वर्षभराच्या तारखा काढल्या. आधी होता त्याच्यापेक्षा चांगला झालाय, ती म्हणते. आधीचा मी तरी कुठे बघितला होता? हा बघितला. समजावून घेतला. शुक्रवारी आमची लिफ्ट सगळ्यात जास्त बंद पडते. का, ते तिनं खाली लिहिलंय. शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या कारखानदाराचा माल येतो आणि त्याची माणसं दारात खोका अडकवून ठेवतात.

हे आठ वर्षं ती लिफ्ट दुरुस्त करताहेत. ह्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

१० मार्च, शुक्रवार

साहेब आले. पाच जिने चढून आले, कारण लिफ्ट बंद. दारात पाच मिनिटं नुसते खाकरत उभे होते, बोलायला दम नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा! पाणी दिलं.

नोंद उघडली. वाचत गेले. मान वर केली. "पहिले चार आठवडे कुठे आहेत?"

"मी पुसले."

"म्हणजे चुकून..."

"चुकून नाही, घाईनं. मी. पोरीनं नाही. माझं नाव लिहा."

"नोंद नाही म्हणजे नियमाप्रमाणे अभ्यास नाही." आणि पेन उघडलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली बोलली. दोन महिन्यांत परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. "आम्ही इथेच बसलोय, साहेब. विचारून बघा ना. न बघता लिहू नका."

साहेबांनी पेन बंद केलं. धाकटीला विचारलं, तीन चतुर्थांशाचं निम्मं किती? ती म्हणाली, "तीन अष्टमांश. पण तेवढ्यात खुर्ची होत नाही, फक्त पाठ होते." साहेब हसले. मग थोरलीनं तक्ता दाखवला. साहेब वाचता वाचता थांबले. "आज वार कोणता?"

"शुक्रवार," थोरली म्हणाली.

साहेबांनी खाली जिन्याकडे एकदा बघितलं, पायाची पोटरी चोळली, आणि तो तक्ता शेवटपर्यंत वाचला. मला तेवढंच हवं होतं. कोणीतरी वाचला.

म्हणाले, "परवानगी देतो. वर्षभराची, दोघींना." मी जिंकले म्हणून ओरडणार होते. तर त्यांनी थोरलीला विचारलं, "तुला हेच हवंय ना, बाळ?" असं विचारावं लागतं म्हणे, फॉर्ममध्ये रकाना आहे.

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला शाळेत जायचंय."

 धाकटी ताईकडे बघायला लागली.

"पण आधी बाईंनी वर्गासमोर सांगायचं की मी चोर नाही. ते सांगितल्याशिवाय नाही जाणार."

साहेब म्हणाले, "अट लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही."

मी म्हटलं, "मग कडेला लिहा." त्यांनी कडेला लिहिलं.

११ मार्च, शनिवार

थोरलीला विचारलं, "मग आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलं नाहीस."

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मला वाटत होतंच." मग तुम्ही तरी बोलायचं! तर म्हणतात, "तुझ्यापुढे?"

काल संध्याकाळपासून वाईट वाटतंय, आणि कशाचं वाटतंय ते धड कळत नाही. दोन महिने मी तिच्यासाठी लढले, आणि तिला हवं होतं ते दुसरंच. पण अट माझीच आहे. शब्द न् शब्द माझा. तो तिनं सोडला नाही.

शाळेत साहेबांच्या कागदाची नक्कल देऊन आले. मोठ्या बाईंनी कडेचं वाचलं आणि म्हणाल्या, "बघू." म्हटलं, मंगळवारी येतेय. तेव्हा बघा.

१४ मार्च, मंगळवार

थोरलीला घेऊन गेले. धाकटीला घरीच ठेवलं, तिला शाळेचं नाव नको. तिची शाळा इथेच, माझ्या खिळ्यांत आणि कापडात.

कॉम्प्युटरच्या बाई वर्गात होत्या. थोरली दाराबाहेर थांबली. मी दारात.

बाई म्हणाल्या, "तास सुरू आहे. आत्ता वेळ नाही."

म्हटलं, "मला आहे."

पोरं हसायला लागली. मी हलले नाही. बाई फळ्यावर लिहायला लागल्या, मी तिथेच. एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली, खडू तुटला. मोठ्या बाई आल्या. त्यांच्या हातात कागद होता, कडेला लिहिलेला. त्यांनी कॉम्प्युटरच्या बाईंकडे नुसतं बघितलं.

बाई वळल्या. फळ्याकडे बघूनच म्हणाल्या, "तो प्रोग्राम तिनं चोरलेला नव्हता. मी तसं म्हणायला नको होतं."

"आणि?" मी म्हटलं.

बाईंनी तुटलेला खडू टेबलावर ठेवला.

"आणि मी तिचा तक्ता बघितला नव्हता."

तेव्हा थोरली आत आली. बाईंनी जरा नरम होऊन विचारलं, "आता घरी काय वापरतेस?"

थोरली म्हणाली, "मुक्त सॉफ्टवेअर. इतरांना वाटून दिलं तरी चोरी होत नाही. हवं असेल तर तुम्हालाही आणून देते, बाई."

मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्या बाकावरची एक वेणीवाली पोरगी न सांगता आत सरकली, अर्धा बाक रिकामा केला, आणि दप्तर उचलून मांडीवर घेतलं. थोरली तिच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, हसू दाबायला ओठ चावत होत्या.

मी दारातच. अजून काही राहिलंय असं वाटत होतं, बोलायचं, विचारायचं.

थोरलीनं मान वळवली. सगळ्या वर्गासमोर, हळू पण स्पष्ट म्हणाली, "आई, जा आता."

मी आजवर कोणाचं ऐकून जागची हललेली नाही. हलले.